घाणीचा फळा

प्रयोगशाळेत शिरल्याबरोबर उजव्या हाताला बेसिन होतं आणि बेसिनच्या वर एक काळा फळा टांगलेला होता. त्यावर शिकवणं-बिकवणं काही चालायचं नाही. त्या फळ्यावर फक्त घाण लिहायची, असा सरांचा दंडक होता. ज्याच्यामुळे प्रयोग नासला त्याचं नाव, त्याने काय मिसळलं आणि कुठल्या मार्गाने मिसळलं, एवढं खडूने लिहिलं की माणूस मोकळा. पुढचा गुन्हेगार सापडेपर्यंत नाव तिथेच राहायचं. येणारे-जाणारे वाचायचे, आणि हात धुणाऱ्याची तर वाचल्यावाचून सुटकाच नसायची.

सध्या फळ्यावर वहिनींचं नाव होतं. घाण: तेल. मार्ग: वेणी. वहिनी म्हणजे वरच्या मजल्यावरच्या एका मास्तरांची बायको, म्हणून साऱ्या इमारतीची वहिनी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी संशोधनाला आलेली, तोंडाने फटकळ आणि हाताने चपळ. वाकून काहीतरी बघताना त्यांची वेणी सेलच्या, म्हणजे प्रयोगाच्या काचेच्या भांड्याच्या, तोंडाशी टेकली होती आणि सरांनी आलेखावरून तेल ओळखलं होतं. वहिनींना त्याचं काडीचंही वाटलं नाही. घराच्या दारावर ह्यांचं एकट्याचं नाव आहे, इथे भिंतीवर तरी माझं लागलं, असं त्या सगळ्यांना सांगत सुटल्या होत्या.

दुसरी विद्यार्थिनी सगळ्यांत जुनी, म्हणून तिला सगळे ताई म्हणत. वहिनीसुद्धा म्हणत, वयाने मोठ्या असून. ताईचं नाव फळ्यावर एकदाच लागलं होतं, अगदी सुरुवातीला, हाताच्या क्रीमसाठी. तेव्हापासून तिने क्रीम सोडलं ते सोडलंच. हिवाळ्यात तिच्या हातांना भेगा पडायच्या आणि आत्या, जिच्याकडे ती राहायची, ते हात बघून म्हणायची की भांडी घासणाऱ्या बाईचे हात बरे, तिला निदान महिन्याचा पगार मिळतो.

ताईचं काम सांगायला सोपं होतं, आणि त्याचा सोपेपणा तिथेच संपायचा. मुंगी चावल्यावर जे झोंबतं ते फॉर्मिक आम्ल. ते पातळ करून काचेच्या सेलमध्ये घ्यायचं, त्याला तारेला लटकवलेला प्लॅटिनमचा मणी टेकवायचा, मण्यावरचा व्होल्टेज हळूहळू चढवायचा, मग तसाच उतरवायचा, आणि करंट किती येतो ते बघायचं. मण्यावर येऊन बसलेल्या आम्लाला दोन वाटा असतात. सरळ वाटेने गेलं तर ते आपले इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि तो आपला निघून जातो. वाकड्या वाटेने गेलं तर अंगातलं पाणी टाकून त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, आणि तो मात्र हलायचं नाव घेत नाही. पाहुणा म्हणून येतो आणि बिऱ्हाड थाटतो. बघता बघता मण्यावरच्या सगळ्या जागा तो अडवतो आणि करंट बसतो. व्होल्टेज पुष्कळ चढवला की तो जळून निघतो, जागा मोकळी होते, म्हणून परतीच्या फेरीत करंट भरघोस येतो. जातानाची रेघ ठेंगणी, येतानाची उंच. हा आलेख जगात सगळ्यांना असाच येतो आणि त्या चिकटणाऱ्या वायूला सगळे विष म्हणतात.

सगळे म्हणजे सर सोडून. विष प्लॅटिनमवर तयार होतच नाही, ते तुमच्या भांड्यांच्या घाणीमुळे होतं, असं सरांचं म्हणणं. मणी खरोखर स्वच्छ असेल तर आम्ल सरळ वाटेनेच जाणार. हे ते उभी हयात सांगत आले होते. परिषदांमध्ये लोक मान डोलवून ऐकून घ्यायचे आणि चहाला जायचे. सर मागे न हटता परत यायचे आणि भांडी घासण्याचा आणखी एक नियम काढायचे.

असे नियम ढीगभर साचले होते. काचेची भांडी रात्रभर परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात बुडवून ठेवायची, सकाळी आम्लाने धुवायची, मग अतिशुद्ध पाण्यात उकळायची, ते पाणी फेकायचं आणि पुन्हा उकळायची. प्रयोगशाळेत चहा नाही, बिस्किट नाही, तोंडात सुपारीसुद्धा नाही. आम्ल मोजायला प्लॅस्टिकची पिपेट नाही, काचेचं मोजपात्रच हवं. आणि सगळ्यांत कडक नियम मण्याचा. प्रयोग संपला की मणी तडक ज्योतीत धरायचा, लालबुंद होईपर्यंत. आगीत गेल्यावर मागचं काही उरत नाही, असं सर म्हणायचे, आणि ते खरंच होतं.

वहिनी पिपेट वापरायच्या. त्यांच्यापुढे सरांनी हात टेकले होते. ताई मात्र शब्दाबाहेर नव्हती. ती एका बोटभर उंचीच्या मोजपात्राने आम्ल मोजायची. सगळ्यांत लहान म्हणून त्याचं नाव पिल्लू.

तर अशा ह्या ताईला एका दुपारी तो आलेख आला. जातानाची रेघ चढली, चढली, आणि बसलीच नाही. येतानाची रेघ तिच्यावरूनच परतली. विषाचा मागमूस नाही. ताईने यंत्र बंद करून चालू केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. आम्ल घालण्याआधीचा नुसत्या मण्याचा आलेख आरशासारखा स्वच्छ होता, म्हणजे मणी शुद्ध, सेल शुद्ध. तिसऱ्या दुपारी तिने सरांना बोलावलं. सर खुर्ची ओढून बसले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मी म्हणत होतो," एवढंच ते म्हणाले, आणि उठून व्हरांड्यात गेले. बराच वेळ आले नाहीत. ताईने मणी ज्योतीत धरला.

सत्र संपताना सर निवृत्त होणार होते. त्याआधी ताईचा प्रबंध सही होऊन गेला नाही तर ती दुसऱ्या कुणा मार्गदर्शकाच्या वाट्याला जाणार, आणि तो पहिल्या दिवशीच विषय बदलायला सांगणार, हे भिंतीलाही ठाऊक होतं. म्हणजे इतक्या वर्षांची भांडीघाशी पाण्यात. त्यामुळे आलेख आला तेव्हा सरांना त्यात आपला सिद्धांत दिसला आणि ताईला सुटका दिसली. प्रबंधाचं नावही ठरलं: शुद्ध प्लॅटिनमवर विषबाधेचा अभाव.

घोडं अडलं ते एवढ्यावरच की वहिनींना तो आलेख येईना. तोच मणी, तीच बाटली, तेच पाणी, आणि वहिनींच्या आलेखात विष ठाण मांडून बसलेलं. सर म्हणाले, पिपेट. वहिनी म्हणाल्या की पिपेटने विष येत असेल तर जगातल्या सगळ्या प्रयोगशाळा आत्तापर्यंत मरायला हव्या होत्या. मग सर लेकीकडे पंधरवडाभर राहायला गेले आणि ताईलाही तो आलेख येईनासा झाला. तिने बाटल्या बदलल्या, पाणी बदललं, वायूची नळी बदलली. काही नाही. सर परतले त्या दुपारी आलेख पुन्हा हजर.

"सरांचा पायगुण," वहिनी म्हणाल्या. "प्रबंधात लिहून टाका ताई. तापमान इतकं, दाब इतका, सर जागेवर."

ताईला हसू आलं नाही, कारण तिने मनातल्या मनात तपासून पाहिलं होतं आणि वहिनी बरोबर होत्या. सर असले की आलेख येतो, नसले की येत नाही. ही गोष्ट प्रबंधात लिहिता येत नाही आणि लपवताही येत नाही. त्यात बाहेरच्या परीक्षक बाईंचं कळलं होतं की कागदावर विश्वास नाही, प्रयोग डोळ्यांसमोर झाला पाहिजे, मी स्वतः येते.

मंगळवारी ताईने नियम मोडला. सर जेवून येऊन आपल्या खोलीत बसले होते, आलेख सुरेख आला होता, आणि मणी ज्योतीत धरायच्या ऐवजी तिने तो नुसता पाण्याने धुतला आणि फॉर्मिक न घातलेल्या साध्या, स्वच्छ आम्लाच्या दुसऱ्या सेलमध्ये टेकवला. न जाळलेला मणी सेलमध्ये जाणं ह्या खोलीत कधी घडलं नव्हतं. यंत्राने रेघ काढली. जिथे प्लॅटिनमची रेघ सपाट असते तिथे एक छोटा उंचवटा होता. मण्यावर कुणीतरी दुसरं बसलेलं होतं, आणि रोज प्रयोगानंतर ताई स्वतःच्या हाताने ते जाळून पुरावा नष्ट करत होती.

उंचवटा कुणाचा हे तिला शोधावं लागलं नाही. सरांनीच शिकवलं होतं. बिस्मथ. हा धातू डोळ्यांना दिसणार नाही इतका थोडा असला तरी प्लॅटिनमला जाऊन चिकटतो आणि पृष्ठभागावर विखरून बसतो. वाकड्या वाटेला शेजारशेजारच्या मोकळ्या जागा लागतात, त्या बिस्मथ मिळू देत नाही. सरळ वाटेला थोडक्यात भागतं. त्यामुळे विष होत नाही. हे पुस्तकात आहे, जुनं आहे, परीक्षेत विचारतात. फक्त ह्या खोलीत बिस्मथ कुठून यावं हा प्रश्न होता, कारण ह्या खोलीत बिस्मथची बाटलीच नव्हती. सरांनी ती केव्हाच हद्दपार केली होती.

उत्तर घरी मिळालं. आत्याचं पोट बिघडलं होतं आणि चष्मा सापडत नव्हता, म्हणून तिने गुलाबी औषधाची बाटली ताईच्या हातात दिली आणि किती घ्यायचं ते वाच म्हणाली. ताईने वाचलं. मग बाटली फिरवून त्यात काय आहे तेही वाचलं आणि तशीच उभी राहिली.

"काय गं, पोटाचंच आहे ना?" आत्या म्हणाली.

"पोटाचंही आहे," ताई म्हणाली आणि तिला दोन चमचे ओतून दिले.

असली गुलाबी बाटली हल्ली सरांच्या टेबलावर असायची. लोकांनी मान डोलवून चहाला जाण्याचा सरांच्या पोटावर परिणाम झाला होता, पित्त कायम खवळलेलं. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर ताई भांड्यांच्या कपाटाशी उगाचच घुटमळत राहिली. सर आले. त्यांनी कपाटातून पिल्लू उचललं, डोळ्यांसमोर धरलं, त्यात दहाच्या खुणेपर्यंत गुलाबी औषध ओतलं, एका घोटात घेतलं, आणि तोंड वाकडं केलं. मग पिल्लू अतिशुद्ध पाण्याने तीनदा विसळलं, उजेडात बघितलं, समाधान झालं, आणि होतं तिथे ठेवलं. औषध म्हणजे खाणं नव्हे, त्यामुळे नियम कुठेच मोडला नव्हता.

ताईला त्या क्षणी काय वाटलं ते सांगायचं तर तिला रडू आलं. आपण तो मणी जाळायला हवा होता, असंही वाटलं. कारण गप्प बसणं इतकं सोपं होतं. परीक्षक बाई दुपारी येणार, सर जेवून औषध घेणार, आलेख येणार, सही होणार. तिला काही करायचंच नव्हतं. सरांना पित्त होतं, बाकी सगळं आपोआप होणार होतं. आणि सरांना तरी कोण सांगणार होतं की साऱ्या जन्मात एकदाच खरं ठरलात ते पोटाच्या औषधामुळे?

ती सरांच्या दारात जाऊन उभी राहिली. सर फाइली बांधत होते.

"सर, तुम्ही पिल्लूत औषध घेता."

"घेतो. दहा मिलिलिटर. चमचा म्हणजे काही माप नव्हे."

"त्यात बिस्मथ आहे."

सर सुतळीची गाठ मारता मारता थांबले. "मी तीनदा विसळतो," ते म्हणाले. "अतिशुद्ध पाण्याने."

"पाण्याने ते सुटत नाही सर. आम्लाने सुटतं."

हे त्यांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी गाठ पुरी केली. मग विचारलं की मण्यावर बघितलंस का, आणि कसं बघितलंस.

"मणी न जाळता लावला."

"नियम मोडलास."

"मोडला."

सर उठले, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या आणि म्हणाले, "चल. माझ्यासमोर कर."

रात्रभर जांभळ्या पाण्यात राहून, सकाळी उकळून निघालेलं दुसरं मोजपात्र ताईने घेतलं. त्यातलं आम्ल घातल्यावर रेघ चढली आणि मध्येच बसली. परतताना उंच. जगात सगळ्यांना येते तशी. मग मणी जाळून, सेल बदलून, पिल्लूतून आम्ल. रेघ चढली आणि बसली नाही. सरांनी पिल्लू आम्लाने धुवायला लावलं आणि पुन्हा करायला सांगितलं. बसली. वहिनी हातातलं काम टाकून मागे येऊन उभ्या होत्या.

"म्हणजे स्वच्छ मण्यावरसुद्धा जातं वाकड्या वाटेने," सर म्हणाले.

"जातं सर."

"इतका स्वच्छ मणी दुसऱ्या कुणाकडे नसेल."

"नाही सर."

"मग आपल्याइतकं खात्रीने हे कुणी सांगू शकणार नाही." सर बेसिनशी गेले, वहिनींचं नाव ओल्या फडक्याने पुसलं आणि खडू उचलला. घाण: बिस्मथ. मार्ग: पोटाचं औषध, दहा मिलिलिटर, जेवणानंतर. नावाच्या जागी त्यांनी लिहिलं: मार्गदर्शक. अक्षर नेहमीसारखं ठसठशीत होतं. मग त्यांनी हात धुतले, आणि धुताना ते वाचलं, कारण तिथे उभं राहिलं की वाचावंच लागायचं.

परीक्षक बाई आल्या तेव्हा ताईने त्यांना दोन्ही आलेख काढून दाखवले. बाईंनी पुष्कळ खोदून विचारलं आणि शेवटी हात धुवायला गेल्या. फळा वाचून त्यांनी विचारलं, हे मार्गदर्शक कोण. सर म्हणाले, मीच. बाई म्हणाल्या की परिषदांमध्ये तुमचं भाषण मी दोनदा ऐकलंय आणि दोन्हीदा चहाला गेले होते. सर म्हणाले, चहा चांगला असायचा.

प्रबंधाचं नाव बदललं: शुद्ध प्लॅटिनमवरची विषबाधा. 'अभाव' तेवढा गेला. ज्या माणसाने हयातभर उलटं सांगितलं त्याने त्यावर सही केली, तीही तारखेसकट आणि शाई वाळेपर्यंत फुंकर मारून. ताईची इतक्या वर्षांची भांडीघाशी कामी आली, आणि आत्याने शेजारपाजाऱ्यांना सांगितलं की पोरीचं एकदाचं मण्याचं लचांड मिटलं. सर आता औषध व्हरांड्यात जाऊन घेत, चमच्याने. दर वेळी त्या चमच्याकडे संशयाने बघत.

राहता राहिला फळा. पुढचा गुन्हेगार सापडेपर्यंत नाव पुसायचं नाही, हा नियम, आणि गुन्हेगार काही सापडेना. सगळे अशी धास्ती घेऊन भांडी घासत होते की प्रयोग नासायलाच तयार नव्हते. वहिनींनी तर वेणीचा अंबाडा केला. दिवस जात राहिले, खोलीतली सरांची पुस्तकं खोक्यांत गेली, आणि फळ्यावर मार्गदर्शक तसेच. निरोप समारंभाला मोठी माणसं येणार, प्रयोगशाळा बघणार, हात धुणार. वहिनी हळूच म्हणाल्या की फडकं मारूया. ताई म्हणाली की सरांना कळेल.

समारंभाच्या दिवशी सकाळी ताईने सेल मांडला, मणी जाळला, थंड केला. मग वहिनींच्या देखत तिने उजव्या हाताचं पहिलं बोट, भेगांसकट, सेलमधल्या स्वच्छ आम्लात बुडवलं. चांगलंच झोंबलं. मणी टेकवून आलेख काढला आणि तो कागद घेऊन ती सरांकडे गेली.

सर नवा सदरा घालून रिकाम्या टेबलाशी बसले होते. त्यांनी आलेख हातात घेतला आणि एका नजरेत ओळखला. "मीठ," ते म्हणाले. "घामाचं. बोट घातलंस."

"हो सर."

"ह्या खोलीत इतकी वर्षं काढून बोट घातलंस?"

सर उठले, बेसिनशी आले, आणि फडकं ओलं करून स्वतःला पुसलं. खडूने ठसठशीत लिहिलं. नाव: ताई. घाण: मीठ. मार्ग: उजव्या हाताचं बोट. लिहून झालं तरी खडू खाली ठेवला नाही. तिच्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "चुकून?"

ह्या फळ्यावर खोटं कुणी लिहिलं नव्हतं. "नाही सर," ताई म्हणाली.

सरांनी मान हलवली. मग बोटाच्या पुढे, तिघांनाही नीट वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरात, त्यांनी लिहिलं: मुद्दाम. खडू ठेवला, आणि नळ सोडून बराच वेळ हात धूत राहिले.